गोड माती

आमच्या घरात केर बाहेर टाकायची पद्धत नव्हती. वाचून कुणाला नाक मुरडायचं असेल त्यानं खुशाल मुरडावं. आम्ही गलाईवाले. सोनं-चांदी वितळवायची, त्यातला मळ काढायचा आणि चोख धातू मालकाच्या हातावर ठेवायचा, हा आमचा पिढीजात धंदा. विट्याच्या बाजूच्या कोरड्या माळावरची ही माणसं घर सोडून निघाली आणि जिथं सराफकट्टा दिसला तिथं भट्टी मांडून बसली. अशा माणसाच्या दुकानातल्या धुळीतही धातूचे कण असतात. त्याच्या कपड्यांत असतात, नखांत असतात, केसांत असतात. म्हणून दुकानातला केर जपायचा, कपडे धुतलेलं पाणी घंगाळात निवळू द्यायचं, वरचं पाणी हलक्या हातानं ओतून द्यायचं आणि तळाची माती वाळवून डब्यात भरायची. दिवाळीत डबा लक्ष्मीपुढं ठेवायचा, मग ती माती भट्टीत जायची आणि त्यातून जो काही कण निघेल तो घरच्या बाईचा. आई नवी नवरी असताना हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं बापडीनं धुण्याचं पाणी परसातल्या लिंबाच्या झाडाला घातलं. सासरे एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त झाडाच्या बुडाची माती खुरप्यानं उकरून घरात आणायला लावली. "तवापास्नं पाणी फेकाय माझा हात धजत न्हाई बघ," असं आई हसत सांगायची. तेव्हा ती हसत सांगू शकायची.

आबा, म्हणजे माझे वडील, हेच कसब घेऊन दुबईला आले. रास अल खोरला एका अरबाबाची, म्हणजे मालकाची, पत्र्याची मोठी शेड होती आणि आबा तिचे मॅनेजर. मॅनेजर म्हटल्यावर टाय-बिय डोळ्यांपुढं आणू नका. खाकी शर्ट, खाकी पॅन्ट, कपाळाला रुमाल, आणि संध्याकाळी घरी येताना भुवयांवर राखाडी धूळ. शेडच्या अर्ध्या भागात गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचे आणि त्याच्या विटा पाडायचे. उरलेल्या अर्ध्यात चांदी. सोनारांच्या कारखान्यातली झाडलोट पोत्यांनी यायची, आणि दवाखान्यांतून जुन्या एक्स-रे फिल्मांचे गठ्ठे यायचे, कारण फिल्मवर चांदीचा थर असतो. फिल्मा जाळायच्या आणि ती राख, ती झाडलोट, सगळं शिशाबरोबर वितळवायचं. चांदी काढायची तर वर आणखी शिसं कशाला घालायचं, असं मी एकदा विचारलं होतं. आबा म्हणाले, "शिसं म्हंजी हमाल, शालन. कचऱ्यातली चांदी हुडकून पाठीवर घेतं, भट्टीपातुर आणून सोडतं, आन् आपण जळून जातं." नंतर हाडांच्या राखेच्या उथळ कुंडात तो गोळा तापवायचा, वरून वारा मारायचा. शिसं काही धुरात जातं, काही राखेत जिरतं. गोळ्यावर रंग फिरतात, मग एक झाकोळ येतो, आणि तो फाटला की आत चांदी लख्ख. त्या घटकेला आबा म्हणायचे, "उघडला डोळा." कामगार पठाण असो की मल्याळी, सगळे मराठीतच ओरडायचे, उघडला डोळा. शाळेच्या एका सुट्टीच्या दिवशी आबांनी मला न्यायला नाही म्हणत म्हणत शेवटी दारापर्यंत नेलं होतं, तेव्हा मी ते ऐकलंय.

आबा शेडमध्ये मोठे कडक. आत कुणी घास खायचा नाही, पाणीसुद्धा बाहेर जाऊन प्यायचं, वाऱ्याची दिशा बघून भट्टी पेटवायची, काम सुटल्यावर प्रत्येकाला पेलाभर दूध आणि गुळाचा खडा. गुळानं छातीतला धूर उतरतो, असं आमच्यात म्हणतात. शिसं वाईट असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. घरात आईलाही माहीत होतं. मला शिसपेन्सिलीचं टोक जिभेला लावायची खोड होती. आई पाठीत धपाटा घालायची. "शिसं असतंय त्यात, विष असतंय, मरशील!" पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर मला कळलं, शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ते नुसतं नावाला. मार खाल्ला तो फुकटच. आणि ज्या मातीत शिसं होतं तिचं नाव आमच्या घरात लक्ष्मी होतं. आईला कळायचं तरी कसं? तिच्या लेखी आबा चांदीचं काम करायचे. सासऱ्यांच्या धोतराच्या पाण्यात सोनं निघायचं, नवऱ्याच्या पॅन्टच्या पाण्यात चांदी निघते, एवढाच काय तो फरक.

आम्ही शारजात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. खिडकीतला एसी दिवसभर घरघरायचा. तो बंद केला की शेजारच्या मशिदीतली बांग, खाली गाड्यांचे हॉर्न आणि आईच्या भाकरीच्या थापा, असं एकेक वेगळं ऐकू यायचं. ज्वारीचं पीठ गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर यायचं. ते संपलं की खबूस, इथली अरबी रोटी. खबूस आणि शेंगदाण्याची चटणी, वर तेल, हे आमचं ठरलेलं खाणं होतं, आणि शुक्रवारी मटणाचा रस्सा. आबा आले की आधी गॅलरीत जाऊन कपडे उतरवायचे. आई ते तिथल्या तिथं मोठ्या घमेल्यात भिजवायची. सकाळी पाणी निवळलेलं असायचं. तळाची माती ती वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीत वाळत घालायची, तिथंच, जिथं एका बाजूला सांडगे वाळायचे. वाळली की दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात. डबा देवांच्या फळीवर. दिवाळीनंतर आबा तो शेडमध्ये न्यायचे आणि चांदीची एक गुंडी आणून आईच्या हातावर ठेवायचे. आई त्या गुंड्या हळद लावलेल्या फडक्यात बांधून ठेवायची. त्यांचे सुमीला वाळे करायचे होते.

सुमी माझी धाकटी बहीण. माझ्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेली, त्यामुळं शेंडेफळ, त्यामुळं लाडावलेली. मी पाचवी-सहावीत होते तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि तिचं तोंड म्हणजे टकळी. घरात मराठी, जिन्यात हिंदी, आणि खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या माणसाशी अरबी, "यल्ला, यल्ला, चॉकलेट!" आबा जेवून उठले की त्यांच्या पोटावर बसायची, त्यांच्या पापण्या बोटानं वर करायची आणि ओरडायची, "उघदला दोळा!" आबा मुद्दाम डोळे मिटून घ्यायचे. हा खेळ रोज चालायचा आणि रोज दोघंही नव्यानं हसायची. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, मी दाराशी गृहपाठ करत होते. सुमी वर्तमानपत्रापाशी उकिडवी बसली होती. तिनं मातीत बोट बुडवलं आणि चोखलं. मग आईकडं बघून म्हणाली, "आई, माती गोद आहे." आई वळली. चिमट्यांनी भरलेलं तोंड, तशीच हसली, चिमटे काढले आणि म्हणाली, "लक्ष्मीच हाय ती बाळा. गोडच असणार." आणि सुमीचं बोट पदरानं पुसलं. एवढंच झालं. कुणी किंचाळलं नाही, पाल चुकचुकली नाही. पोरं माती खातात, गावाकडं सगळीच खातात, आणि ही तर देवापुढं ठेवायची माती. मी खाली मान घालून पुन्हा भागाकार करायला लागले. नंतर दारामागं, गॅलरीत, कितीदा ते बोट त्या कागदाकडं गेलं असेल, देव जाणे.

पहिल्यांदा पोटदुखी सुरू झाली. मग शौचाला होईना. आईनं ओवा दिला, एरंडेल पाजलं, दृष्ट काढली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जंताचं औषध मिळालं. पोरगी पांढरी पडत चालली, किरकिरी झाली, आबांच्या पोटावर चढेना. आणि बोलणं कमी झालं. एकदम नाही. आधी "यल्ला" गेलं. आम्ही म्हटलं, रुसली असेल. मग जिन्यातली हिंदी गेली. मग ती नुसतं बोट दाखवायला लागली, आणि आई म्हणायची, "तोंडानं माग, मग देती." ती ओठ हलवायची आणि रडायची. माझा नातू अर्णव परवा हे ऐकून म्हणाला, "आजी, व्हाय डिडन्ट यू गाइज जस्ट गूगल इट?" त्याला म्हटलं, बाबा, तेव्हा गूगल म्हणजे शेजारची मालवणी काकू, आणि तिनं ओवाच सांगितला होता. तो हसला. मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

शुक्रवारी जेवायच्या वेळी तिला झटका आला. ताटात रस्सा वाढलेला, आबांनी नुकती भाकरी मोडलेली. सुमीचे हात वाकडे झाले, डोळे वर गेले, वाटी उडून भिंतीला लागली. आबांनी तिला तशीच उचलली आणि अनवाणी जिना उतरले. टॅक्सी मिळाली. दवाखान्यात एक केरळी डॉक्टरीणबाई होत्या, शांत बोलणाऱ्या. सुमीला सुया टोचून झाल्या, झटका थांबला, रक्त काढून झालं, पोटाचा एक्स-रे झाला. बाईंनी ती फिल्म भिंतीवरच्या दिव्याच्या काचेला लावली आणि आबांना जवळ बोलावलं.

फिल्म म्हणजे आबांसाठी चांदी. गठ्ठेच्या गठ्ठे त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यावर कुणाची तरी छाती असते, कुणाचं तरी मोडलेलं हाड असतं, याकडं त्यांनी कधी बघितलंच नसेल, बघून करायचं काय? त्या दिवशी त्यांनी फिल्मवरचं चित्र बघितलं. सुमीच्या बरगड्या होत्या, पाठीचा कणा होता आणि पोटात राजगिरा सांडावा तसे पांढरे ठिपके. बाईंनी हिंदीत विचारलं, "बच्ची मिट्टी खाती है क्या? आप काम क्या करते हैं?" आबा फिल्मच्या इतके जवळ गेले की काचेवर त्यांचा श्वास उमटला. मग मराठीत, स्वतःशीच म्हणाले, "हमाल घरात आला." बाईंना ते कळलं नाही. आईला मात्र कळलं. ती म्हणाली, "माती हाय, पर ती आपली... ती तर चांदीची..." आणि वाक्य तिथंच राहिलं. ते वाक्य तिनं जन्मात पुरं केलं नाही.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली होती आणि मी मधे. भाऊभाऊ शेताच्या बांधावरून भांडतात तसं ती भांडत होती, फक्त उलटं. प्रत्येकाला सगळा दोष आपल्याकडं हवा होता. "कापडं म्या आणली घरात." "धुतली मी. वाळवली मी." "मला ठावं हुतं त्यात काय असतंय. शेडवर कामाच्या पोरांना शिकवतोय आन् घरात..." "गोडच असणार, असं मी म्हणली तिला. ह्या तोंडानं म्हणली." मग आईनं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं, एकदा, दोनदा, आणि आबांनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. मी मोठ्यानं रडायला लागले, तर एका अनोळखी सुदानी बाईनं मला जवळ घेतलं. तिच्या कपड्यांना अत्तराचा वास होता. आजही तसा वास कुठं आला तर मी वळून सुमी कुठं आहे ते बघते.

इंजेक्शनं बरेच दिवस चालली. सुमी जगली. ज्या दिवशी तिनं नीट डोळे उघडले त्या दिवशी आबा उशाशी होते. त्यांचे ओठ हलले, मला दिसलं, ते दोन शब्द अगदी तोंडाशी आले होते. ते त्यांनी गिळले. सुमीनं आमच्याकडं बघितलं, पण कसं, तर बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या माणसांकडं बघतात तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिशाची धूळ चवीला गोडसर लागते, म्हणून पोरं परत परत खातात; शिसं रक्तातून निघेल, पण मेंदूचं जे गेलं ते परत येईलच असं नाही. आबांनी मान हलवली. शुद्ध करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागलं.

आबा शेडवर परत गेले ते थेट अरबाबाच्या केबिनमध्ये. हे मला त्यांच्या पठाण मुकादमानं, पुढं आबा गेल्यावर सांगितलं. आबा म्हणाले, कामगारांना अंघोळीची खोली पाहिजे, कपडे इथंच ठेवायची आणि इथंच धुवायची सोय पाहिजे, कुणाच्याही घरी धूळ जाता कामा नये. अरबाब भला माणूस, म्हणाला, "इन्शाल्ला, हबीबी, इन्शाल्ला." आमचे आबा, ज्यांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, टेबलावर हात आपटून म्हणाले, "इन्शाल्ला नहीं. आज!" आणि खोली झाली. पुढं आबा घरी यायचे ते धुतलेल्या कपड्यांत, ओल्या केसांनी. आई त्यांचे कपडे तरीही पुन्हा धुवायची आणि पाणी मोरीत ओतायची. ओतताना डोळे मिटून घ्यायची.

डब्याचं राहिलंच. आई म्हणाली, "घिऊन जावा. माझ्या डोळ्यापुढं नगं." कचऱ्यात टाकला तर दुसऱ्या कुणाच्या पोराच्या हाताला लागेल, म्हणून आबांनी तो भट्टीतच घातला. पुढच्या शुक्रवारी दुपारी मला म्हणाले, "चल, पाय मोकळे करू." आम्ही खाडीवर गेलो. लाकडी गलबतांवर कांद्याची पोती चढवत होते. आबांनी खिशातून ते हळदीचं फडकं काढलं. आत जुन्या गुंड्या होत्या आणि त्या डब्यातल्या मातीतून निघालेली एक नवी होती. त्यांनी फडकं उघडून बघितलंही नाही, गाठीसकट पाण्यात फेकून दिलं. गलाईवाला माणूस, जो धुण्याचं पाणी फेकत नाही! माझ्या तोंडून गेलं, "आबा, चांदी होती की!" ते म्हणाले, "व्हय. शंभर नंबरी." मग माझा हात धरला आणि मला फलाफल घेऊन दिलं. ते मला गिळवेना आणि टाकवतही नव्हतं. पिशवीत गुंडाळून घरी आणलं.

सुमी आज माझ्याजवळ असते, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या मुलाच्या घरी. केस पिकायला लागलेत तिचे. कपड्यांच्या घड्या फार सुंदर घालते, कुत्र्यांना घाबरते, अर्णववर जीव टाकते. बोलणं परत आलं ते थोडंसंच, मूठभर शब्द. त्यातला पहिला शब्द कोणता यावा? "गोड." तोही आता स्वच्छ, बोबडा नाही. तिला जे आवडतं ते सगळं गोड. उशी गोड, पाऊस गोड, मी गोड. पहिल्यांदा ती तो शब्द बोलली तेव्हा मी नाचले होते, आणि वळून बघितलं तर आई भिंतीला टेकून खाली बसलेली.

आईनं त्यानंतर गोड खाल्लं नाही. चहा बिनसाखरेचा. पुरणपोळी करायची, सगळ्यांना वाढायची, आपण कटाची आमटी आणि भात. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "शुगर आहे का हो तुम्हाला?" आई म्हणायची, "व्हय." आबांनी कधी आग्रह केला नाही. ते गेले तेव्हा तेराव्याला पानात लाडू होता. आईनं तो शिवायलाही नकार दिला. मी तिच्यावर चिडायचे. किती वर्षं गं आई, म्हणायचे, तुझी काय चूक होती, तुला कुणी सांगितलं होतं का! ती म्हणायची, "तू तुझं बघ." ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे मला तेव्हा पटत नव्हतं.

शेवटी शेवटी आई अंथरुणावरच होती. अन्न सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, जे घेईल ते द्या. मी एका सकाळी शिरा केला, भरपूर तूप, बेदाणे. चमचा तिच्या ओठांपाशी नेला, तिनं ओठ मिटून मान फिरवली. सवयच ती. मी बशी टेबलावर ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण तिच्यासमोर रडायचं नव्हतं. सुमी कुठून आली कळलं नाही. ती पलंगावर चढून बसली, बशीतला शिरा बोटांनी उचलला, आधी स्वतः चाटून बघितला, आणि बोटं आईच्या तोंडापुढं धरली. म्हणाली, "आई, गोड आहे."

तेच. त्या गॅलरीतलं तेच वाक्य, फक्त माती सोडून. इतक्या वर्षांत तिनं आईला हाक मारून सलग वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आई तिच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरलं. मग तिनं तोंड उघडलं, आणि सुमीनं घास भरवला. आई हळूहळू चावत होती. सुमीनं विचारलं, "गोड?"

"गोड हाय गं बाळा," आई म्हणाली. "गोडच असणार."

तिनं तो घास गिळला आणि तोंड पुन्हा उघडलं.